तळचे दोन घोट

१३ नोव्हेंबर १९४५, मंगळवार

नगरहून परत आलो. करंजीच्या घाटात मोटार तापली, तासभर उभी होती. ही दरडीच्या सावलीत बसून राहिली. 

मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितले — कॅन्सर. मग मराठीत सांगितले, कर्करोग. डाव्या बाजूला गाठ आहे. जूनपासून आहे, असे हिने त्यांना सांगितले. मला सांगितले नव्हते! सोळा वर्षे एका घरात राहतो आहोत.

बाई गोऱ्या आहेत, मराठी तोडून तोडून बोलतात. मला व्हरांड्यात बोलावून म्हणाल्या, सगळी बाजू काढायची, उशीर झाला आहे, तरी काढायची. निघताना पुन्हा हाक मारली. "मास्तर, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, एका पेल्याने पाणी प्या. लोकांनाही सांगा." मी होय म्हणालो.

तिसगावला उतरलो तर सूर्यभान उभा. आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. चर्चमध्ये कोण कुठे बसणार, कोण काय आणणार, सगळे तोच ठरवतो. त्याने विचारले, काय निघाले, कुठे दुखते बाईंना? भोवती माणसे. बायकोच्या अंगाची गोष्ट चारचौघांत कशी सांगणार? म्हणालो, "मोठा रोग आहे म्हणतात." त्याने पुढे काही विचारले नाही. दोन पावले मागे सरला असे वाटले. घाई असेल.

१४ नोव्हेंबर

सकाळी पाहिले तर हिने आपला पेला वेगळा काढला आहे. माहेरून आणलेला पितळी, काठाला पोचा आलेला. माठाजवळ नाही, चुलीवरच्या कोनाड्यात पालथा. माझे लक्ष गेले हे तिने पाहिले. म्हणाली, "सुट्टीत मरिया येईल. म्हटलं, आपलं वेगळं असलेलं बरं."

मरिया आमची एकुलती एक. नगरला बोर्डिंगात असते.

मी काही बोललो नाही. तिच्या मनाला बरे वाटत असेल तर असू दे.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग पीठ मळायला बसली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

काल काढले. अडीच तास लागले. मी बाहेर बाकावर बसून होतो. समोर कण्हेर होती, तिची पाने मोजली.

शुद्धीवर आल्यावर हिने पाणी मागितले आणि मग विचारले, मनुका कोण भिजवणार? मला हसावे की काय ते कळेना.

आमच्याकडे पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा येतात, तेव्हा प्रभुभोजन होते. द्राक्षारस म्हणून मनुकांचे पाणी. ते ही करते, लग्न होऊन आली तेव्हापासून. शनिवारी भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्याने गाळायच्या. आता जानेवारीच्या पहिल्या रविवारी आहे. म्हटले, अजून सहा आठवडे आहेत, तोवर तूच करशील.

प्याला फिरवायचे काम माझे. नऊ वर्षे झाली. एकच प्याला, आधी पुरुष, मग बायका, पुढून मागे. शेवटच्या माणसाचे झाले की तळाशी उरेल ते फिरवणाऱ्याने पिऊन टाकायचे. थेंब ठेवायचा नाही, थेंब सांडायचा नाही. ही चेष्टेने म्हणते, मास्तर, तुमच्यासाठी मी दोन मनुका जास्त टाकते.

म्हणायची.

११ डिसेंबर

घरी येऊन चार दिवस झाले. हात खांद्याच्या वर जात नाही. दवाखान्यात शिकवले आहे — भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटे भिंतीवरून चढवत न्यायची, जिथवर जातील तिथे कोळशाने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघ ओलांडायची. आज हनुवटीपर्यंत गेली. ओठ दाबून उभी होती. रेघ मी मारली.

त्याच भिंतीवर मरियाच्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत. ही म्हणाली, "मी पण वाढतेय बघा."

भाकरी थापायला शिकतो आहे. मधेच फाटते. ही चुलीजवळ बसून सांगते, "अहो, गोल. फळ्यावर काढता की नाही गोल? तसा." शाळेत निम्मी मुले नाहीत, आईबापांबरोबर बेलापूरकडे उसाला गेली. त्यामुळे वेळ आहे.

१५ डिसेंबर, शनिवार

हे लिहावे की नाही कळत नाही. हिने चोळीत घालायला एक पिशवी शिवली. आधी कापूस भरला. तो वर सरकतो, बाजू एकसारखी दिसत नाही. मग बाजरी भरली. वजन बरोबर आले. चालून दाखवले. मी मान खाली घातली.

झुंबरबाई होती. ती शेजारच्या वस्तीवरची, मराठ्याची विधवा, दूध घालते. म्हणाली, "दयाबाई, बाजरी नगं. कणसाला बसल्यावानी पाखरं बसतील तुझ्या अंगावर." दोघी हसल्या. टाके दुखेपर्यंत ही हसली. मी बाहेर गेलो.

झुंबरबाईने आमच्या घरचे पाणी जन्मात घेतलेले नाही. आधी घेत नव्हती, आताही घेत नाही. तिच्यात काही फरक पडला नाही. बाकीच्यांत पडला आहे. कशामुळे, ते समजत नाही. वाटेत भेटतात, "बरंय ना मास्तर" म्हणतात, आणि चालू लागतात.

१८ डिसेंबर

सूर्यभानची बायको केशरबाई आली. अंगणातच उभी राहिली. म्हणाली, मनुकांचे पातेले आणि गाळायचे फडके पंचांनी मागितले आहे, ह्या खेपेला ती स्वतः करील, बाईंना कशाला त्रास. हिने दोन्ही आणून दिले. केशरबाईने हातातून घेतले नाही. "ठेवा तिथं वट्यावर." ही म्हणाली, फडके उकळून वाळवलेलेच आहे.

संध्याकाळी शाळेतून येताना ते फडके आमच्याच कुंपणाच्या बाभळीच्या काट्यांवर पडलेले दिसले. मी काढून खिशात घातले. हिला सांगितले नाही.

१९ डिसेंबर

झुंबरबाई आज दूध घालून लगेच गेली नाही, बसली. मग म्हणाली, "मास्तर, मी अडाणी बाई. पर खरं सांगा. गावात म्हणत्यात, दयाबाईला रगतपिती झालीया. तुमीच सांगितलं म्हणं."

मी? कुणाला सांगितले? आणि मग आठवले.

मोठा रोग! महारोगाला गावात मोठा रोगच म्हणतात. लहानपणापासून ऐकतो. मी ट्रेण्ड मास्तर, वीस वर्षे पोरांना शब्दांचे अर्थ सांगतो, आणि हे माझ्या ध्यानात आले नाही! लाजेपायी एक शब्द टाळला आणि त्या जागी हा दुसरा पडला.

ही आत होती. ऐकले असेल.

२० डिसेंबर

सूर्यभानकडे गेलो. दोर वळत बसला होता. सांगितले, तो रोग नव्हे, नुसती गाठ होती, काढली. तो म्हणाला, "कुठं हुती?"

त्याची सून दारात उभी होती. मी म्हणालो, काखेजवळ.

"आधी गाठीच येत्यात की मास्तर. आमच्या आत्याला बी गाठीच आल्या हुत्या. बोटं मागनं गेली." त्याचा आवाज कळवळ्याचा होता. त्याचा मला जास्त राग आला. म्हणालो, डॉक्टरीणबाईंना विचारा. तो म्हणाला, नगरला कोण जातंय.

एकच शब्द सांगायचा होता. तोंडातून निघाला नाही. परत येताना ओढ्यात उभा राहून मी तो मोठ्याने म्हटला. तिथे कुणी नव्हते.

२५ डिसेंबर

नाताळ. मरिया आली आहे. दरवर्षी फराळाची ताटे घरोघर जातात. आमचे ताट आठ घरांत गेले. आठही घरांनी घेतले. येशूचा जन्मदिवस, नाही कसे म्हणणार? दुपारी ओढ्याकाठी कुत्री करंज्या खात होती. हिच्या हातच्या करंजीची मुरड मी ओळखतो.

रेघ आज डोळ्यांपर्यंत आली.

२६ डिसेंबर

आज एक झाले. मरिया बाहेरून खेळून आली, तहानलेली. कोनाड्यातला पेला घेतला, माठात बुडवला आणि तोंडाला लावला. मी ओरडलो. "तो ठेव!" एवढ्या जोरात की पोरीच्या हातून तो पडला. काठाला आणखी एक पोचा आला.

मरिया म्हणाली, "बोर्डिंगात डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय आम्हाला, लागत नाही म्हणून."

मी म्हणालो, आईनेच वेगळा ठेवला आहे, तिला विचार. हिने पेला उचलला, राखेने घासला, पुन्हा कोनाड्यात पालथा घातला. घासताना डावा हात वापरत होती. इतक्यांत वापरत नव्हती.

मी काय करायला हवे होते? पोर एकुलती आहे. डॉक्टर लोक काय, आज एक सांगतात, उद्या दुसरे.

३० डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर सूर्यभान बाजूला घेऊन म्हणाला, पुढच्या रविवारी बाईंनी घरीच राहावे. पाळकसाहेब घरी येऊन देतील, वेगळ्या वाटीत. मंडळी कुजबुजते आहे.

मी म्हणालो, "ती येणार. सगळ्यांबरोबर घेणार. त्याच प्याल्याने."

आमच्या आज्याला विहिरीवर जाता येत नसे. वरून पाणी ओतत, खाली ओंजळ धरायची. तो ख्रिस्ती झाला त्या दिवशी एका प्याल्याने सगळे प्यायले. गोरा साहेबही. म्हातारा मरेपर्यंत तेवढेच सांगत असे. बाकी शास्त्र त्याला येत नव्हते. सूर्यभानचा आजा त्याच ओळीत त्याच्याशेजारी होता. नातू आता वाटी शोधतो आहे.

घरी येऊन हिला सांगितले, बघतोच कोण अडवते. ती म्हणाली, "तुम्ही भांडू नका. मी येईन." मग म्हणाली, "शेवटी उरतं ते अजून तुम्हीच पिता ना?" म्हटले, मग कोण पिणार?

५ जानेवारी १९४६, शनिवार

पाळकसाहेब दानीएल दुपारी आले. चहा आमच्याकडेच घेतला. देव त्यांचे भले करो. मी पाव आणायला गेलो तेवढ्यात हिच्याशी बोलत बसले होते. ही आज खुशीत. हिरवे लुगडे काढून ठेवले. रेघ कपाळाच्या वर गेली — आतापर्यंतची सगळ्यांत उंच.

६ जानेवारी, रविवार

आजचे आजच लिहून ठेवतो.

दरवेळी ही बायकांच्या पहिल्या ओळीत असते, मास्तरांची बायको म्हणून. आज पाहिले तर एकदम मागे, दाराशी, चपला काढतात तिथे. एकटी. तिच्यापुढे दोन हात जागा मोकळी. सूर्यभान दारात उभा. कळायला वेळ लागला नाही. घरी ठेवता आले नाही, तर हे केले!

प्याला फिरवत गेलो. पुरुष झाले. बायका. प्रत्येकीने नीट घेतला. तिच्या आधी घ्यायचा होता, मग भीती कसली? शेवटी हिच्यापाशी आलो. दोन्ही हातांनी घेतला, डावा हातही उचलला. एक घोट घेतला आणि प्याला माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघत राहिली. तळाशी दोन घोट असतील.

मी प्यायलो नाही. दाराबाहेर गेलो आणि निंबाच्या बुडाशी ओतला. मंडळी बघत होती. आत येऊन रिकामा प्याला सूर्यभानच्या हातात दिला. "धर. आता कुणाला बाधा नाही. आजपासून तूच फिरव." तो म्हणाला, "मास्तर, म्या न्हाई बसवलं त्यांस्नी." खोटे बोलायलाही चर्चच सापडले त्याला.

हिला घेऊन घरी आलो. उभ्या आयुष्यात चारचौघांत मी आवाज चढवला नव्हता. आज चढवला, हिच्यासाठी. वाटले होते, तिला बरे वाटेल. ती लुगडे बदलून चुलीपाशी बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दोनच घोट होते हो."

म्हटले, मनुकांचे काय एवढे!

७ जानेवारी

पाळकसाहेब निघण्यापूर्वी आले. मी उठलो नाही. ते म्हणाले, "मास्तर, काल ते जागेचं—" तेवढ्यात ही आतून म्हणाली, "राहू द्या, पाळकसाहेब." ते तिच्याकडे बघत राहिले. मग प्रार्थना करून गेले.

तिला भांडण नको असते. सगळ्यांना सांभाळून घेते. मी नाही घेणार.

२० जानेवारी

भिंतीपाशी उभी राहत नाही. मी कोळसा हातात दिला, तिने चुलीत टाकला. म्हणाली, "पुरे झालं." दुखत असेल.

११ फेब्रुवारी

डावा हात सुजला आहे. बांगड्या कापून काढल्या. झुंबरबाई रोज येऊन तेल लावते, जात्यावर दळून देते. गावातल्या ख्रिस्ती घरांतून कुणी नाही. मी मोजतो. सदतीस दिवस.

५ मार्च

नगरला नेऊन आणले. आता दुसऱ्या काखेतही गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, दुखणे सोसवेना झाले की द्यायच्या. मुंबईला न्यावे का, विचारले. त्यांनी मान हलवली. मला विचारले, "घरी एकत्र जेवता ना?" मी होय म्हणालो. ही खिडकीबाहेर बघत होती.

७ एप्रिल, रविवार

आज प्रभुभोजन. प्याला सूर्यभान फिरवणार. मी जाणार नाही हे ठरलेलेच होते. हिला म्हटले, तुला जायचे असेल तर उचलून नेतो, पहिल्या ओळीत बसवतो, बघू कोण काय करते. म्हणाली, "आता कशाला."

केवढे मन मोडले त्यांनी तिचे.

२२ एप्रिल

मिशनची नर्स हिला बघायला आली होती. जाताना चर्चच्या ओट्यावर बायकांना सगळे सांगून गेली. कुठे, काय, लागत नाही. तिला एक मिनिट लागले. मला पाच महिने जमले नाही ते.

दुपारी केशरबाई आली, पदर तोंडाला लावून, मागे चारजणी. हातात शिऱ्याची वाटी. मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, "ठेवा तिथं वट्यावर." ती रडू लागली. मी दार लावून घेतले. आतून ही म्हणत होती, येऊ द्या त्यांना, येऊ द्या. मी ऐकले नाही. शिरा कोंबड्यांनी खाल्ला.

बरे वाटले. अजूनही वाटते.

१ मे

ऊन फार. झुंबरबाई सकाळपासून हिच्या उशाशी. दुपारी उठली, इकडे तिकडे बघितले, कोनाड्यातला पेला घेतला, आमच्या माठातले पाणी भरले आणि घटाघट प्याली. साठ वर्षांची बाई! मला म्हणाली, "कुणी बघितलं न्हाई, मास्तर. तुमी बी न्हाई."

ही बघत होती. चेहरा इतका उजळला. झुंबरबाईचा हात धरून ठेवला. मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले काही हवे आहे. विचारले, गोळी देऊ? नको म्हणाली.

९ मे, गुरुवार

सकाळी साडेनऊला गेली.

१० मे

सगळे आले. पेटी उचलायला आठ जणांनी हात पुढे केले, सूर्यभान पहिला. त्याला म्हणालो, तू मागे हो. झाला.

मरिया रडली नाही. मीही नाही.

१७ जून

शाळा सुरू. मरिया बोर्डिंगात गेली. जाताना तिने आईचा पेला मागितला. म्हटले, राहू दे तिथे. ती म्हणाली, "तुम्ही तर त्याला हात लावत नाही." पोरी बोर्डिंगात उलट बोलायला शिकतात.

भाकरी आता गोल होते. कुणाला दाखवू?

७ जुलै, रविवार

प्रभुभोजन होते. गेलो नाही. खिडकीतून गाणे ऐकू आले.

१८ ऑगस्ट, रविवार

सूर्यभान शाळेच्या पडवीत आला. टोपी हातात. म्हणाला, "मास्तर, घरी ऱ्हावा म्हणालो हुतो, ते पाप माझं. फडकं टाकलं ते माझ्या बायकुचं. करंज्या कुत्र्याला घातल्या त्या बी आमीच. पर त्या दिशी मागं म्या बसवलं न्हाई. ते माझ्या डोक्यावर घालू नगा."

सगळे कबूल, आणि तेवढे एक नाही! माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

पाळकसाहेबांना पत्र लिहिले. चार वेळा फाडले. शेवटी असे लिहिले: प्याल्याचे काम मी पुन्हा घेईन. पण ६ ऑक्टोबरला सूर्यभानने सगळ्यांसमोर उभे राहून म्हटले पाहिजे की दयाबाईंना चपलांपाशी मी बसवले. नाही म्हटले तर मंडळीच्या पटावरून माझे नाव काढा. मरियाचेही.

हिच्यासाठी एवढे तरी करायला हवे. जिवंतपणी एकदाच उभा राहिलो.

२ ऑक्टोबर

भिंत सारवायला झुंबरबाई आली होती. रेघा तेवढ्या राहू द्या म्हटले. हनुवटी, ओठ, डोळे, कपाळ. सगळ्यांत वरची ५ जानेवारीची. त्यानंतर एकही नाही. एका दिवसात माणूस असे कसे खचते? त्याचा जाब मी रविवारी विचारणार.

५ ऑक्टोबर १९४६, शनिवार

पाळकसाहेब येऊन गेले. माझे पत्र त्यांच्या हातात होते. म्हणाले, "सूर्यभानाने नाही बसवलं, मास्तर. ती जागा बाईंनी स्वतः मागून घेतली. तुम्ही पाव आणायला गेला होतात तेव्हा. म्हणाल्या, मला सगळ्यांत शेवटी बसवा, माझ्यानंतर फक्त हेच राहतील असं. का, ते विचारलं तर हसल्या. मला अर्थ लागला नाही. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या, म्हणून आजवर गप्प राहिलो."

पेला कोनाड्यातून काढला आहे. पाणी भरून समोर ठेवला आहे.

दोनच घोट होते, दया.